ग्रह नसलेली स्थाने

कुंडलीत स्थाने बारा आणि ग्रह नऊ. नऊही ग्रह एकेकटे, वेगवेगळ्या स्थानांत बसले तरी तीन स्थाने रिकामी राहणारच. इतकी विखुरलेली पत्रिकाही क्वचितच पाहायला मिळते, कारण ग्रहांना आकाशात हवे तिथे जाण्याची मुभा नाही. पृथ्वीवरून पाहताना बुध रवीपासून साधारण २८ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून तो रवीच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत सापडतो. शुक्राची मजल ४७-४८ अंशांची. तोही रवीपासून दोन राशींच्या आतच राहतो. राहू आणि केतू तर कायम समोरासमोर. या बंधनांमुळे बहुतेक पत्रिकांत पाच-सहा, कधी सात स्थाने रिकामी निघतात. जवळजवळ निम्मी पत्रिका.

हे साधे गणित पहिल्याच पानावर मांडण्याचे कारण असे की, ज्या प्रश्नांसाठी हे पुस्तक लिहिले ते प्रश्न हे गणित कुणी समजावून न सांगितल्यामुळेच विचारले जातात. मुलीचे सप्तम रिकामे आहे, लग्न जमेल ना? पंचमात एकही ग्रह नाही, मूलबाळ होईल का? दशम मोकळे आहे म्हणजे मुलाला नोकरी लागणारच नाही का? विचारणारे आईवडील खरोखर घाबरलेले असतात. रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून कुणीतरी 'इथे काहीच नाही' म्हटलेले असते आणि ते वाक्य घरात वर्षानुवर्षे मुक्काम करते. चांगली स्थळे त्यापायी परत जातात. ज्या शास्त्राच्या नावाने ही भीती घातली जाते, त्या शास्त्रात तिला आधार नाही. हे दाखवून देणे एवढेच या पुस्तकाचे काम आहे.

जुने ग्रंथ उघडून पाहा. वराहमिहिराचे बृहज्जातक घ्या, मंत्रेश्वराची फलदीपिका घ्या. ग्रहांची राशिगत फळे आहेत, स्थानगत फळे आहेत, दृष्टीची आहेत, योगांची आहेत. 'रिकाम्या स्थानाचे फल' असा अध्याय मात्र नाही. वराहमिहिराचा पुत्र मानल्या जाणाऱ्या पृथुयशाची षट्पंचाशिका ही छोटी पोथी प्रश्नशास्त्राची, पण तिच्या आरंभी आलेला एक नियम जातकातही सर्वमान्य झाला आहे. ज्या भावात त्याचा स्वामी किंवा शुभ ग्रह बसला आहे, अथवा ज्या भावावर त्यांची दृष्टी आहे, तो भाव वाढतो. इथे बसणे आणि पाहणे एका पंक्तीला ठेवले आहे, हे महत्त्वाचे. पाहणारा ग्रह कुठूनही पाहू शकतो. त्यासाठी स्थान भरलेले असावे लागत नाही.

म्हणून स्थानाचा विचार सुरू होतो तो त्याच्या स्वामीपासून. प्रत्येक स्थानात कोणती ना कोणती रास असतेच आणि प्रत्येक राशीला स्वामी असतोच. आपल्याकडच्या चौकटी कुंडलीत घराघरांत जे आकडे लिहिलेले असतात ते स्थानांचे नसून राशींचे असतात, आणि नवख्या वाचकाची पहिली गफलत इथेच होते. वरच्या मधल्या घरात १ लिहिला असेल तर लग्न मेषेचे. समोर खालच्या मधल्या घरात ७, म्हणजे सप्तमात तूळ. ते घर रिकामे असले तरी बेवारस नाही. तुळेचा स्वामी शुक्र, म्हणून शुक्र हा सप्तमेश. तो कुठे आहे, कोणाबरोबर आहे, बलवान आहे की अस्तंगत, हे सगळे सप्तमाचेच वर्णन. कोकणातल्या चाकरमान्याच्या घराला कुलूप दिसते म्हणून ते ओसाड आहे असे गावात कुणी म्हणत नाही. मालक मुंबईत कसा आहे यावर त्या घराची कौले शाकारली जातात की नाही ते ठरते. भावेशाचा विचार हाच.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. मेष लग्न, सप्तम रिकामे, शुक्र एकादशात कुंभेत आणि गुरू तृतीयात मिथुनेत. पत्रिकेवर नुसती नजर टाकणारा म्हणेल की विवाहस्थानी काही नाही. आता दृष्टी मोजा. सर्व ग्रह आपल्यापासून सातवे स्थान पाहतात. त्याखेरीज मंगळ चौथे व आठवे, गुरू पाचवे व नववे, शनी तिसरे व दहावे पाहतो. मिथुनेपासून पाचवी रास तूळ, म्हणजे गुरूची दृष्टी थेट सप्तमावर. मिथुनेपासून नववी रास कुंभ, म्हणजे तोच गुरू सप्तमेश शुक्रालाही पाहतो. शिवाय शुक्र सप्तमेश आहे तसा विवाहाचा कारकही आहे आणि बसला आहे लाभस्थानी. परंपरेच्या निकषांवर हे सप्तम पुष्कळ भरलेल्या सप्तमांपेक्षा सुदृढ ठरते. ग्रह नाही ही गोष्ट या सगळ्या मोजदादीत कुठेच वजाबाकी म्हणून येत नाही.

दुसरे उदाहरण मला विशेष आवडते. कर्क लग्न घ्या. पंचमात वृश्चिक, स्वामी मंगळ. पंचम रिकामे आणि मंगळ द्वितीयात सिंहेत. मंगळाची चौथी दृष्टी सिंहेपासून चौथ्या राशीवर, म्हणजे वृश्चिकेवर. स्वामी दुसऱ्या घरी बसून स्वतःचे घर पाहतो आहे. षट्पंचाशिकेचा नियम अक्षरशः लागू झाला. शिवाय कर्क लग्नाला मंगळ पंचमेश आणि दशमेश, म्हणजे त्रिकोण व केंद्र या दोहोंचा स्वामी, योगकारक. अशा पत्रिकेत पंचम रिकामे म्हणून संततीची चिंता करणाऱ्याने चौकट पाहिली, पत्रिका वाचली नाही. याच्याबरोबर संततीचा कारक गुरू पाहायचा, चंद्रापासून पंचम पाहायचे, जमल्यास सप्तांश कुंडलीही काढायची. एका विषयाला इतक्या बाजूंनी हात लावल्यावर मग बोलायचे, ही जुनी शिस्त आहे.

रिकामे दिसणारे स्थान खरोखर रिकामे आहे का, हाही प्रश्न आहे. राशिकुंडलीत एक रास म्हणजे एक स्थान धरतो. भावचलित कुंडलीत तसे नसते. तिथे लग्नाचा नेमका अंश हा प्रथम भावाचा मध्य मानतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना भाव पसरतो. लग्न मेषेच्या २ अंशांवर असेल तर सप्तम भावाचा मध्य तुळेच्या २ अंशांवर येतो आणि तो भाव साधारण कन्येच्या १७ अंशांपासून तुळेच्या १७ अंशांपर्यंत जातो. कन्येच्या २५ अंशांवरचा ग्रह राशीने षष्ठात, चलिताने सप्तमात. छापील पत्रिकेत दोन्ही कुंडल्या शेजारी शेजारी असतात, तरी दुसरीकडे सहसा कुणी पाहत नाही. ही भावसाधनाची पद्धत श्रीपतींच्या नावाने ओळखली जाते. श्रीपती अकराव्या शतकातले, आपल्याच मुलखातले. त्यांच्या ज्योतिषरत्नमालेवरची मराठी टीका मराठीतल्या अगदी जुन्या गद्यात गणली जाते. मराठी गद्याच्या पहाटे आपली भाषा ग्रह, तिथी आणि मुहूर्त समजावून सांगत होती, याचा मला फार अभिमान वाटतो. आणि त्याच भाषेत आज 'इथे काहीच नाही' एवढ्या दोन-तीन शब्दांत विषय संपवला जातो याचे तितकेच वाईट वाटते.

महाराष्ट्रात ज्यांनी कृष्णमूर्ती पद्धतीचा अभ्यास केला आहे, त्यांना रिकाम्या स्थानाची भीती वाटू नये. त्या पद्धतीत स्थानाचे कार्येश ठरवताना आधी त्या स्थानात बसलेल्या ग्रहाच्या नक्षत्रातले ग्रह, मग तो ग्रह स्वतः, मग स्थानस्वामीच्या नक्षत्रातले ग्रह आणि शेवटी स्वामी, अशी उतरंड आहे. स्थान रिकामे असेल तर पहिल्या दोन पायऱ्या गळतात आणि स्वामीकडे सगळा अधिकार येतो. विषय स्पष्ट होतो, सोपा होतो.

आता मुहूर्तशास्त्राकडे वळू, कारण या सगळ्या चर्चेत मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा तिथे आहे. राम दैवज्ञाने १६०० साली काशीत मुहूर्तचिंतामणी रचला. आजही पंचांगकर्ते आणि पुरोहित ज्याचा आधार घेतात तो हा ग्रंथ. विवाहाचा मुहूर्त काढताना लग्नशुद्धी पाहतात, आणि तिच्यात जामित्राचा, म्हणजे सप्तमाचा, विचार असतो. मुहूर्ताच्या लग्नापासून किंवा चंद्रापासून सातव्या स्थानी ग्रह असणे हा दोष. तिथे सप्तम रिकामे हवे असते. अष्टमशुद्धीही तशीच, अष्टमात ग्रह नसावा म्हणून मुहूर्त पुढेमागे सरकवतात. ज्या लग्नपत्रिकेवर आपण हौसेने 'शुभमुहूर्त' छापतो, त्या मुहूर्ताच्या कुंडलीत सप्तम मोकळे असावे म्हणून कुणीतरी पंचांगाशी झटलेले असते. जन्मपत्रिका आणि मुहूर्त यांचे नियम एक नाहीत, हे मी जाणतो. एकाचा नियम सरसकट दुसऱ्याला लावता येत नाही. पण ज्या परंपरेने विवाहाच्या घटकेला रिकामे सप्तम मागून घेतले, तिला रिकामेपण म्हणजे अभाव असे वाटत असते तर तिने ते मागितले नसते.

आणि भरलेल्या सप्तमाचे काय होते? त्यात मंगळ असला तर पत्रिका मंगळाची ठरते. शनी असला तर उशीर सांगतात, राहू असला तर आणखी काही. ग्रह असला तरी धास्ती, नसला तरी धास्ती. हा विचार राहिलेला नाही, ही सवय झाली आहे. सहा, आठ आणि बारा ही त्रिकस्थाने रिकामी असली तर खरे तर हायसे वाटायला हवे. तिथे मात्र कुणी रिकामेपणाची नोंदही घेत नाही.

किती स्थाने भरलेली आहेत याचा विचार जुन्या आचार्यांनी केला नव्हता असे मात्र नाही. नाभस योगांत संख्यायोग म्हणून सात योग आहेत आणि ते ह्याच मोजणीवर उभे आहेत. राहू-केतू सोडून सात ग्रह सात राशींत पसरले तर वीणा, सहांत दाम, पाचांत पाश, चारांत केदार, तिनांत शूल, दोहोंत युग आणि सगळे एकाच राशीत आले तर गोल. फळे पाहिली तर ग्रह जितके पसरलेले तितके बरे आणि दाटी जितकी जास्त तितके कठीण, असा साधारण कल दिसतो. पण वीणा योगातही पाच राशी सातही ग्रहांविना राहतात, आणि या योगाचे फल गायन-वादनाची आवड आणि सुख असे सांगितले आहे. केदार योगात आठ राशी मोकळ्या; त्याचे फल शेतीभातीने समृद्ध, अनेकांच्या उपयोगी पडणारा माणूस. आठ रिकाम्या राशींचे वर्णन ज्यांनी पिकलेल्या शेताच्या नावाने केले, त्यांना रिकामेपणाचे भय नव्हते.

या मोजणीचे दुसरे टोक पाहायचे तर १९६२ साल आठवावे लागते. त्या फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत जमले. एकटा राहू समोर कर्केत. अष्टग्रही म्हणून तो योग घरोघरी बोलला गेला, ठिकठिकाणी यज्ञ झाले, जग बुडण्याच्या वावड्या उठल्या. जग बुडाले नाही. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या दोन-सव्वादोन दिवसांत पृथ्वीवर जी जी बाळे जन्मली, त्या प्रत्येकाच्या पत्रिकेत दहा स्थाने रिकामी आहेत. बाराही लग्ने रोज उगवतात, म्हणून त्यांतल्या कुणाचे सप्तम रिकामे, कुणाचे पंचम, कुणाचे धनस्थान. ती माणसे आज साठी ओलांडलेली आहेत. त्यांतल्या असंख्य जणांची लग्ने झाली, मुले झाली, नोकरी-धंदे झाले, नातवंडे आली. रिकामे स्थान म्हणजे त्या विषयाचा अभाव हे म्हणणे खरे असते, तर या एका पिढीच्या तुकड्याला संसार असा घडलाच नसता. इतका मोठा पडताळा आकाशाने आपणहून समोर ठेवला असताना तो आपण वापरू नये, याचे नवल वाटते.

रिकामेपणाला ज्योतिषात काहीच किंमत नाही असे म्हणणेही एकांगी होईल. केमद्रुम योग हा खास रिकामेपणाचाच योग. चंद्राच्या मागच्या आणि पुढच्या राशीत रवी व राहू-केतू सोडून एकही ग्रह नसेल तर तो होतो. पुढे ग्रह असेल तर सुनफा, मागे असेल तर अनफा, दोन्हीकडे असतील तर दुरुधरा, आणि कुठेच नसेल तर केमद्रुम. त्याची फळे कडक सांगितली आहेत. पण लगेच भंगाचेही नियम येतात. चंद्राबरोबर ग्रह असेल, केंद्रात ग्रह असतील, तर योग मोडतो. इथेही शास्त्राला खटकते ते घर मोकळे असणे नव्हे, तर चंद्राला, म्हणजे मनाला, आजूबाजूला आधार नसणे. दाखवण्यासारखा आणखी एक योग आहे, तो म्हणजे कालसर्प. सगळे ग्रह राहू-केतूच्या एका बाजूला आले की दुसऱ्या बाजूची पाच स्थाने रिकामी पडतात आणि अर्धी पत्रिका पुसल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याचे काळीज तिथेच लकाकते. त्र्यंबकेश्वरी त्याच्या शांतीसाठी देशभरातून माणसे येतात. श्रद्धेने केलेल्या पूजेला माझा विरोध नाही. पण बृहज्जातक किंवा सारावलीसारख्या प्राचीन ग्रंथांत हा योग सापडत नाही, हे त्या माणसांना आधी सांगितले जावे एवढा माझा आग्रह आहे.

हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो घेतले की रिकाम्या घरांत काहीतरी लिहायला मिळते. मराठी पत्रिकांत ते बरेच दिवस रुळले आहेत. या पुस्तकात मी ते घेतलेले नाहीत. राशींचे स्वामित्व, दशा, दृष्टी ही सगळी रचना त्यांच्यावाचून उभी आहे, आणि निव्वळ चौकट भरावी म्हणून ग्रह आणणे मला पटत नाही.

कोणतेही स्थान आयुष्यभर रिकामे राहत नाही, हे तर रोजच्या पंचांगातून कळते. गुरू साधारण वर्षभरात एक रास ओलांडतो आणि बारा वर्षांत बाराही स्थानांतून जातो. शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो आणि तिसेक वर्षांत फेरी पुरी करतो. चंद्र महिन्याभरात सगळीकडे डोकावून येतो. विंशोत्तरीत तर स्थान रिकामे आहे की भरलेले हा प्रश्नच गौण होतो. रिकाम्या सप्तमाचा स्वामी शुक्र असेल तर त्याची वीस वर्षांची महादशा त्या विषयाला जागे करते. महादशा आयुष्यात वेळेवर आली नाही तरी अंतर्दशा येतातच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका होत्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून त्या कोणाच्या ते सांगायचे होते. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. ज्योतिषाच्या अभ्यासकाने हा निकाल झटकून टाकू नये, असे मला मनापासून वाटते. मी या विषयाकडे पाहतो ते दोन हजार वर्षे घडत आलेली एक विचारपद्धती म्हणून, तिच्या आतल्या तर्कासाठी. त्या पद्धतीवर आयुष्याचे निर्णय सोडावेत असे मी कोणाला सांगणार नाही. आणि जो माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो, त्याला निदान तिचे म्हणणे तरी धड कळावे.

म्हणून या पुस्तकात आयुर्मानाची, संततीची किंवा आजाराची भाकिते नाहीत. मूल होत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. पंचम रिकामे आहे म्हणून थांबू नये आणि भरलेले आहे म्हणूनही थांबू नये. प्रकरणांचा क्रम स्थानांच्या अनुक्रमाने लावलेला नाही. सप्तम, पंचम, दशम आणि धन या चार स्थानांबद्दल सर्वाधिक विचारले जाते, म्हणून ती आधी आणि विस्ताराने आली आहेत. त्रिकस्थाने त्यानंतर, थोडक्यात. १९६२च्या पत्रिकांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि तिथे बाराही लग्नांच्या कुंडल्या मांडल्या आहेत. ते वाचताना कागद-पेन्सिल जवळ असू द्या, दृष्टी स्वतः मोजून पाहा.

स्वतःची पत्रिका घेऊन बसणार असाल तर आधी जन्मवेळ तपासा. दवाखान्याच्या दाखल्यावरची वेळ आणि घरच्यांच्या आठवणीतली वेळ यांत बऱ्याचदा फरक असतो. लग्नाची रास साधारण दोन तासांनी बदलते आणि लग्नाचा एक अंश चार मिनिटांत सरकतो. रास बदलण्याच्या काठावरची वेळ असेल तर दोन्ही लग्नांच्या कुंडल्या काढा. एका कुंडलीत रिकामे दिसणारे सप्तम दुसरीत भरलेले आढळले, तर पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी ती दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा.